दिवेलागण झाली की बाळ रडायला लागतं, कारण कळत नाही

रानजाई
माझी लेक सव्वा महिन्याची आहे. बाळंतपणाला माहेरी आलेय, नाशिकला. दिवसभर बाळ गुणी. पिते, झोपते, जागी असली की पंख्याकडे टक लावून बघते. दिवेलागण झाली की मात्र सुरू होते. चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी, पोट हाताला टणक लागतं. अंगावर घेतलं तर चार घोट पिऊन तोंड बाजूला करते आणि पाठीची कमान करून किंचाळते. ढेकर काढून झाला, लंगोट बदलून झाला, कपडे सैल करून झाले. साडेदहा-अकराला आपोआप थांबते आणि काही झालंच नाही अशी झोपते.
ताप नाही, उलटी नाही. शी पिवळी, लंगोट दिवसातून सात-आठदा तरी ओला होतो.
घरात प्रत्येकाचं कारण वेगळं. आई म्हणते वायू धरलाय. आत्या म्हणते दृष्ट. शेजारच्या काकू म्हणतात दूध पुरत नाहीये, वरचं सुरू कर. नवरा शनिवारी पुण्याहून येतो, तो म्हणतो डॉक्टर. मला विचारायचंय ते असं की कारण शोधायचं तर सुरुवात कुठून करायची? आणि आता घरगुती उपाय पुरे, दवाखाना गाठायचा, हे कशावरून ओळखायचं?

चाफेकळी
अगं, वाचताना माझेच दिवस आठवले. आमच्याकडे सातच्या बातम्या आणि लेकाचा भोंगा एकाच वेळी सुरू व्हायचे. चौथा महिना लागला आणि हळूहळू कमी होत गेलं. धीर धर. तुझं काहीही चुकत नाहीये.

आज्जीचा_बटवा
बाळा, माझ्या हाताखालून घरातली बरीच पोरं गेलीत, म्हणून सांगते. नाळ पडून बेंबी सुकली असेल तर हिंग कोमट पाण्यात कालवून बेंबीच्या भोवती लावावा, बेंबीत नाही. तव्यावर ओवा गरम करून पुरचुंडी बांधावी, आधी आपल्या गालाला लावून बघावी, मग पोटाला हलका शेक द्यावा. बाळाला उताणं ठेवून पाय सायकलसारखे हलवावेत. तू वांगी, वाटाणे, हरभऱ्याची डाळ काही दिवस बंद कर. गुटीचे वेढे देत असालच. दृष्टही काढावी, मीठ-मोहरी ओवाळायला काय जातं?

कोकणकडा
दृष्ट काढायला हरकत नाही, पण दृष्ट काढली म्हणून दोन दिवस वाट बघू असं होता कामा नये. आमच्या नात्यात तसं झालंय. कान फुटून पू आल्यावर बाळाला नेलं.

डॉ_ओंजळ
मी बालरोगतज्ज्ञ आहे. इथून तपासता येत नाही, म्हणून हे उपचार समजू नका. तरी प्रश्न फार नेमका विचारलाय, सविस्तर लिहिते.

रानजाई, तू जे लिहिलंयस (वेळ ठरलेली, मधल्या वेळात बाळ आनंदी, पिणं नीट, लघवी भरपूर, ताप-उलटी नाही) ते कॉलिकचं चित्र आहे. मॉरिस वेसेल या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी १९५४ साली त्याची व्याख्या केली: रोज ३ तासांच्या वर, आठवड्यात ३ दिवसांच्या वर, आणि असं ३ आठवड्यांच्या वर चालणारं रडणं, तेही एरवी निरोगी असलेल्या बाळाचं. १९६२ मध्ये ब्रेझल्टन यांनी ८० बाळांच्या आयांकडून रोजच्या रडण्याच्या नोंदी करून घेतल्या. दुसऱ्या आठवड्यात बाळं दिवसाला साधारण पावणेदोन तास रडत होती, सहाव्या आठवड्यात पावणेतीन तास, आणि तिथून उतरत बाराव्या आठवड्यापर्यंत बरीच कमी. जास्तीत जास्त रडणं संध्याकाळचं. ही सगळी निरोगी बाळं होती. म्हणजे तुझी लेक आत्ता चढाच्या माथ्याजवळ आहे.

याचं एकच एक कारण अजून सापडलेलं नाही. वायूने रडतं असं आपण म्हणतो, पण पुष्कळदा उलटं असतं. रडताना हवा गिळली जाते आणि मग वायू सरतो.

पण कॉलिक म्हणायचं ते बाकीचं तपासून झाल्यावर. खूप रडतं म्हणून आणलेल्या शंभर बाळांत शारीरिक आजार निघतो तो पाचेक जणांत किंवा त्याहून कमी. ती पाच चुकू नयेत म्हणून बाळाला एकदा पूर्ण उघडं करून चांगल्या उजेडात डोक्यापासून पायापर्यंत बघावं. एकाच डोळ्याला पाणी येतंय, तो उघडत नाहीये, तर स्वतःचंच नख बुबुळाला लागलेलं असू शकतं. तोंडात पुसूनही न निघणारे पांढरे चट्टे म्हणजे बुरशी, मग पिताना दुखतं. मानेच्या आणि काखेच्या घड्या लाल झाल्यात का, लंगोटाखाली पुरळ आहे का, मुंगी-डास चावलाय का. एक हात हलवताना ओरडतंय का. जांघेत गाठ दिसते का; ती रडताना येते आणि शांत झाल्यावर आत जाते तर हर्निया, आणि आत जात नसेल, कडक झाली असेल तर त्याच तासाला दवाखाना. मुलगा असेल तर वृषणावर सूज किंवा लाली. हातापायाचं एकेक बोट सुटं करून.

डोळ्यांना न दिसणाऱ्यांत लघवीचा जंतुसंसर्ग पहिला. लहान बाळात तो कधीकधी फक्त चिडचिड आणि कमी पिणं एवढ्यावरच कळतो. दुसरं कान. तिसरं गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी. त्यात शीत शेंब किंवा रक्त, अंगावर चट्टे, वजन न वाढणं असं काहीतरी सोबत असतं. दूध नुसतं वर येणं आजार नाही. वर येताना दुखणं, पिणं टाळणं आणि वजन अडकणं हे एकत्र आलं तर बघावं लागतं.

वाट बघायचीच नाही अशा गोष्टी: ३ महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा वर ताप. हिरवी उलटी. शीत रक्त. पोट फुगून ताणलेलं. टाळू फुगलेली. श्वासाला धाप. दूध ओढायचं बंद. बाळ मलूल. आणि रोजच्यापेक्षा वेगळं, चिरकं किंवा अगदी क्षीण रडणं. रडणं बदललंय हे आईला सर्वांत आधी कळतं, ते आम्हाला जरूर सांगा.

शून्यप्रहर
डॉक्टर, बोटं सुटी करून बघा म्हणालात, त्यावर आमचा अनुभव.

मुलगा अडीच महिन्यांचा होता. दुपारपासून रडत होता, न थांबता. रानजाईंच्या लेकीसारखं वेळेवर सुरू होणारं नाही. पाजलं, झोळीत घातलं, खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या. गुटी, शेक, सगळं झालं. शेवटी माझी आई म्हणाली, अरे, मोजे काढा आधी. डाव्या पायाचं तिसरं बोट जांभळट, टरटरून सुजलेलं. जरा खाली एक बारीक खाच, जशी राखीचा दोरा घट्ट बांधल्यावर मनगटावर पडते. केस होता. बायकोचा लांब केस मोज्यात शिरून बोटाला दोन-तीन वेढे बसले होते. सूज आल्यामुळे कातडीत इतका रुतला होता की मोबाइलच्या उजेडात नीट दिसेना.

घरी ओढायचा प्रयत्न केला नाही. रिक्षाने दवाखान्यात. डॉक्टरांनी भिंग घेऊन, बारीक कात्रीने कापला आणि एकही तुकडा आत राहिला नाही ना ते पुन्हा तपासलं. बोट वाचलं. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांत बायकांचे केस फार गळतात, त्यामुळे हे होतं म्हणाले. मुलग्याच्या लिंगालाही असा वेढा बसू शकतो. हातमोज्याच्या आतले सुटे धागेसुद्धा तेच करतात. तेव्हापासून आमच्याकडे मोजे उलटे करून, झटकून घालतात.

चाफेकळी
बाप रे. आत्ता उठून भाचीचे मोजे काढून बघितले.

पुणेरी_पगडी
शून्यप्रहर, हे वर चिकटवून ठेवावं असं आहे. इतकी वर्षं पोरं वाढवली, कुणी सांगितलं नव्हतं.

कोकणकडा
मला "दूध पुरत नाही" या वाक्याबद्दल बोलायचंय. संध्याकाळी बाळ रडलं की हे वाक्य येतंच. डबा येतो, बाळ अंगावर कमी ओढतं, कमी ओढलं की दूध खरंच कमी होतं, आणि मग सगळे म्हणतात, बघा, आम्ही म्हणत नव्हतो! बायकोचं पहिल्या वेळी असंच झालं. दुसऱ्या वेळी परिचारिकेने दोनच गोष्टी बघायला सांगितल्या. चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले होतात का, आणि वजन वाढतंय का. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढत असेल तर दूध पुरतंय. रानजाई, तुमचे सात-आठ ओले होतायत. काकूंना चहा द्या आणि विषय बदला.

डॉ_ओंजळ
कोकणकडांना अनुमोदन. एक भर: खरोखर भुकेलं बाळ दिवसभर भुकेलं असतं, फक्त सात ते अकरा नाही. संध्याकाळी बाळं थोड्या थोड्या वेळाने प्यायला मागतात, ते साहजिक आहे. मागेल तेव्हा घ्यावं. मात्र एका बाजूचं पूर्ण पिऊ द्यावं, मग दुसरी.

गडचिरोलीची_ताई
मी आशांच्या गटाचं काम बघते. आमच्या आशा बाळंतिणीच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी आमच्याच जिल्ह्यात गावातल्या बाईला नवजात बाळाची काळजी शिकवून दाखवली, त्यातून हे पुढे देशभर गेलं. ४२ वा दिवस म्हणजे बरोब्बर सहावा आठवडा, म्हणून शेवटच्या भेटीत आया हमखास सांगतात, ताई, लई रडते.

मी आशांना सांगते, भरपूर आवाजात रडणाऱ्या बाळाची आधी भीती धरू नका. रडणं मंद झालेलं किंवा थांबलेलं बाळ जास्त धोक्याचं. हातपाय ढिले, दूध ओढेना, पोट फुगलं, अंग थंड पडलं किंवा तापलं, छाती आत ओढली जाते. यातलं काही दिसलं की १०८ ला फोन. बाळ शांत असताना श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ६० किंवा जास्त भरला तर पुन्हा मोजायचा, परत तेवढाच आला तर न्यायचं.

आमच्याकडे रडणं थांबावं म्हणून पोटावर डाग द्यायची चाल काही घरांत अजून दिसते. तापलेली सळई किंवा बिब्बा. मी स्वतः बघितलेत ते व्रण. बाळ गप्प होतं ते वेदनेनं थकून. कुणाच्या घरात, ओळखीत कुणी असं म्हणालं तर कृपा करून अडवा.

सातासमुद्रापार
आज्जी, आदर ठेवून विचारते. गुटी खरंच द्यावी का? इकडे जर्मनीत आमच्या बाळाच्या डॉक्टरांनी सहा महिन्यांपर्यंत दूध आणि व्हिटॅमिन डी सोडून काहीही नको सांगितलंय. आईने मात्र सहाण आणि सगळी मुळं सामानात पाठवली आहेत.

आज्जीचा_बटवा
अगं, गुटी म्हणजे औषधाचा डोस नव्हे. हिरडा, मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ, सुंठ, खारीक, बदाम, प्रत्येकाचे सहाणेवर मोजून वेढे. शी कशी आहे त्यावरून मुरडशेंग जास्त की हिरडा जास्त ते ठरतं. दोन पिढ्या यावर वाढल्या. सरसकट वाईट म्हणू नका.

डॉ_ओंजळ
आज्जी, तुम्ही वेढे मोजता, म्हणून तुमच्या हातची भीती कमी. पण आता गुटी कोण उगाळतं? तयार पावडर येते, तिच्यात काय किती आहे कळत नाही. वेखंड आणि जायफळ जास्त झालं तर बाळाला गुंगी येते, उलट्या होतात. सहाण धुतलेली नसते, पाणी उकळलेलं नसतं, आणि रडणाऱ्या बाळाला जुलाब लागतात. म्हणून सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, यावर मी ठाम आहे. गुटीतून मध तर वर्षाच्या आत अजिबात नको, त्यातून बोटुलिझम (स्नायू लुळे पाडणारी विषबाधा) होऊ शकतो. काजळातही शिसं सापडलेलं आहे.

तुमचा शेक, तेलाचा हात, पाय हलवणं, बाळाला पालथं हातावर धरणं, हे सगळं मी आयांना करायला सांगते. त्यात काही वाईट नाही.

दुकानातून आपल्या मनाने "पोटदुखीचे थेंब" आणू नका. डायसायक्लोमीन असलेले थेंब सहा महिन्यांच्या आत श्वास अडवू शकतात. सिमेथिकोनच्या थेंबांचा त्रास नाही, पण अभ्यासांत त्याने रडणं काही कमी झालेलं नाही.

पुणेरी_पगडी
आणि ग्राइप वॉटर? आम्ही तर त्याच्यावरच वाढलो.

डॉ_ओंजळ
ते १८५१ साली नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनी बाजारात आणलं. मूळ पाककृतीत बडीशेपेसारख्या वासाच्या सुव्याचं तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि चक्क अल्कोहोल होतं. बाळ गोड चवीने दोन क्षण थांबतं. आता अल्कोहोल नसतं, पण कॉलिक थांबतं असा पुरावाही नाही.

मनमौजी
आमच्याकडे मिक्सर! रिकामा मिक्सर दोन मिनिटं फिरवला की कन्या गप्प. आजोबांनी शेवटी त्याचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून दिला.

चाफेकळी
आमच्याकडे नऊवारीची झोळी. पाळण्यात रडणारा झोळीत घातला की डोळे मिटायचा.

डॉ_ओंजळ
आवाज आणि हालचाल दोन्हींचा उपयोग होतो. आवाज फार मोठा आणि कानाजवळ नको. कडेवर-छातीशी धरण्याबद्दल १९८६ मध्ये हंझिकर आणि बार यांचा अभ्यास झाला. रडायला लागल्यावरच नाही तर एरवीही बाळाला जास्त वेळ उचलून घेतलेल्या गटात सहाव्या आठवड्यातलं रडणं ४३ टक्के कमी भरलं. कॉलिक एकदा जोरात सुरू झाल्यावर एवढा फरक पडत नाही, तरी "सवय लागेल, उचलू नका" हे या वयाच्या बाळाला लागू नाही. मनमौजी आणि चाफेकळी, झोप लागली की सपाट, घट्ट गादीवर, उताणं. झोळीत रात्रभर नको, मान पुढे झुकून श्वास अडतो.

मध्यरात्र
इथे कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. बाळ तासन्‌तास रडत असताना आईला राग येतो. मलाही आला. मला वाटलं हिला जोरात हलवून गप्प करावं. त्या क्षणी मी तिला पाळण्यात उताणी ठेवली, दार लोटून गॅलरीत गेले, दहा मिनिटं उभी राहिले, बहिणीला फोन केला. बाळ रडत होतं, पण सुरक्षित होतं. बाळाला गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, डोळे जाऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. हे प्रत्येक घरातल्या प्रत्येक माणसाला माहीत हवं, बाळ सांभाळणाऱ्या मावशींनासुद्धा.

आणि दोन आठवडे उलटूनही रडू येत असेल, बाळ झोपल्यावरही झोप लागत नसेल, बाळाबद्दल काहीच वाटेनासं झालं असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. टेलिमानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी क्रमांक आहे, मराठीतही बोलतात. घरच्यांनी बाळंतिणीला "दूध आटेल, रडू नकोस" म्हणण्याऐवजी संध्याकाळचे दोन तास बाळ आपल्या हातात घ्यावं.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. मध्यरात्र, तुमचं लिहिणं आईला वाचून दाखवलं. आता आठनंतर लेक आईच्या खांद्यावर असते, मी आत जाऊन झोपते.

काल डॉक्टरांना दाखवून आले. त्यांनी तिला पूर्ण उघडी करून बघितलं, बोटं, जांघा, कान, तोंड, सगळं. लघवीही तपासली. काही निघालं नाही. वजन व्यवस्थित वाढतंय, वरचं दूध नको म्हणाले. रडणं अजून तेवढंच आहे, पण घरातले चार जण चार दिशांनी ओढत नाहीयेत. आत्याने दृष्ट काढली, तेही होऊ दिलं.

पिंपळपान
नवीन आहे, धागा शोधताना सापडला. घाईत लिहितोय. मुलगा ८ महिन्यांचा. सकाळपासून दर पंधरा-वीस मिनिटांनी किंचाळतो, पाय पोटाशी घेतो, चेहरा पांढराफटक पडतो. मग एकदम गळून झोपतो, परत तेच. दोन उलट्या झाल्या. आत्ता शी झाली ती लालसर, शेंबासारखी. सासूबाई म्हणतात दात येतायत. मुरडशेंग उगाळून देऊ का?

डॉ_ओंजळ
नाही. तोंडाने काही देऊ नका. आत्ता निघा, जिथे लहान मुलांचे सर्जन आणि सोनोग्राफी दोन्ही आहेत तिथे. आतडं आतड्यात शिरल्याची शक्यता आहे. लंगोट तसाच पिशवीत घालून न्या, त्यांना दाखवा.

शून्यप्रहर
पिंपळपान, कुठल्या गावात आहात? गाडी लागली तर इथेच लिहा.

पिंपळपान
दुसऱ्या दिवशी लिहितोय. सोनोग्राफीत तेच दिसलं. सलाइन लावलं, मग शौचाच्या मार्गाने दाबाने हवा सोडून आत शिरलेलं आतडं परत जागेवर ढकललं. ऑपरेशन लागलं नाही. पुन्हा होऊ शकतं, विशेषतः पहिल्या दोन दिवसांत, म्हणून ठेवून घेतलंय. आज सकाळी दूध प्यायला. उशीर झाला असता तर तो भाग काळा पडला असता, म्हणाले.

डॉ_ओंजळ
फार बरं वाटलं. इतरांसाठी: कॉलिक चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर नव्याने सुरू होत नाही. सहा-आठ महिन्यांचं बाळ अचानक असं रडायला लागलं तर दात म्हणून सोडून देऊ नका.

रानजाई
पिंपळपान, बाळाला लवकर आराम पडो.
डॉक्टर, एक शेवटचं. पुढच्या आठवड्यात तिची सहा आठवड्यांची लस आहे. आधीच एवढी रडते, पुढे ढकलू का?

डॉ_ओंजळ
ढकलू नकोस. डांग्या खोकल्यापासून वाचवणारी हीच लस आहे आणि तो सर्वांत घातक याच वयात असतो. लस शक्यतो सकाळी घे. टोचताना आणि लगेच नंतर अंगावर पाज. रात्रीपर्यंत मांडी सुजेल, अंग कोमट होईल. पॅरासिटामॉल किती द्यायचं ते वजनावर ठरतं, तिथूनच लिहून घेऊन ये. मांडी चोळू नकोस, बर्फही नको, स्वच्छ ओल्या कापडाची घडी ठेव. संध्याकाळचं रडणं त्या दिवशी लांबेल. पण सलग तीन तासांच्या वर, कशानेही न थांबणारं, किंचाळल्यासारखं रडू लागली तर फोन करून दाखव, आणि पुढच्या डोसच्या वेळी ते आठवणीने सांग.

आज्जीचा_बटवा
आणि त्या दिवशी तेल-मालिश नको गं, नुसतं अंग पुसून घे.